खळ

डंडीत तागाच्या गिरण्यांचे भोंगे व्हायच्या आधी
आई उठून खळ शिजवायची.
वडील शिडीवरून पडून गेले, तेव्हापासून
कुंचा, बादली, शिडी, सगळं तिचं.
पूर्वी नुसतं पीठ आणि पाणी.
सर्कशीचे, साबणाचे, मिशनच्या सभेचे कागद
उंदरांनी खाल्ले तरी कुणाचं काही अडत नसे.
इनिस लहानपणी त्या खळीची पळी चाटायचा,
मीठ घातलं की लापशीच की ही, म्हणायचा.

चौदाच्या हिवाळ्यात सरकारी गठ्ठे आले
आणि सोबत ताकीद : कागद टिकला पाहिजे.
आई खळीत मोरचूद घालू लागली.
पळी उंच खुंटीला गेली.

आईला वाचता येत नव्हतं.
कागद उलटा लागू नये म्हणून
इनिस रात्री एकेक उलगडून टेबलावर पसरायचा,
कोपऱ्यांवर कप, सुरी, माझी पाटी,
वडिलांचा तंबाखूचा रिकामा डबा,
आणि मोठ्यानं वाचून दाखवायचा.

एकावर एक सैनिक होता.
पाठीनं दार रेटून धरलेलं, पाय रोवलेले,
फटीतून धूर आत येतोय.
खाली एवढंच :
मी एकटा किती वेळ धरू?

आई म्हणाली, बिचारा.
राजा, देश, झेंडा यांचं तिला काही नव्हतं,
त्या पोराचे खांदे अवघडले असतील, एवढंच.
चार रात्री तो आमच्या टेबलावर होता.
आम्ही त्याच्या कडेकडेनं जेवलो.

मी नऊ वर्षांची. दिवा धरणं माझं काम.
मी म्हणाले, इनिस, हा तुझ्यासारखा दिसतो.

नव्हता दिसत.
आता कळतं, तो कुणासारखाच नव्हता.
नाक नावापुरतं, ओठांच्या जागी एक रेघ,
डोळ्यांवर टोपीची सावली.
चितारणारा हुशार. त्यानं चेहरा अर्धाच सोडला होता,
घरोघरी कुणीतरी दिवा धरणारं असतंच
बाकीचा पुरा करायला.

इनिस हसला. उठला,
आमच्या दाराला पाठ लावून उभा राहिला
तसाच, पाय रोवून.
आई हसली, मी टाळ्या वाजवल्या.
दाराबाहेर टे नदीवरचा वारा होता, दुसरं कुणी नाही.

सकाळी त्यानंच तो सीगेटच्या भिंतीला लावला,
कुंचा मधून बाहेर, मधून बाहेर,
एक फुगा राहू दिला नाही.
दुपारी जाऊन वय एकोणीस सांगून आला.
सतरा पुरी व्हायची होती.
सार्जंटनं छाती मोजली म्हणे.

सप्टेंबरात लूस नावाचं गाव.
मग एक फॉर्म आला. छापील,
नावापुरती जागा मोकळी,
तिथं कुणीतरी शाईनं इनिस लिहिलेलं.
आता वाचणारी मीच होते.

आई दोन दिवस भिंतीकडे तोंड करून पडली.
तिसऱ्या दिवशी खळ शिजण्याचा वास आला.
नवा गठ्ठा होता. तिनं वरचा कागद उलगडला,
माझ्याकडे न बघता विचारलं,
वरची बाजू कुठली?

मी खरं सांगितलं.

सीगेटला तो अजून होता.
पावसानं टोपी गेलेली, एक हात गेलेला,
उंदरांनी मात्र कुठं दात लावला नव्हता.
आईनं नवा कागद त्याच्यावर धरला आणि थांबली.
कुंचा बादलीत ठेवला,
नुसत्या तळहातानं दाबत गेली
मधून बाहेर, हळूहळू,
अंगावर पांघरूण सारखं करावं तसं.

पुढं कितीतरी वर्षं
भाकरी कापताना मी तिच्या हातांकडे बघायची.
नखांत निळं असायचं.